दारूबंदीच्या मुलखातलं अभ्यासकेंद्र

सुरतेत उधना-मगदल्ला रस्त्यावर, वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठाच्या आवारात, सेंटर फॉर सोशल स्टडीज ही संशोधन संस्था आहे. आवार विद्यापीठाचं, कारभार स्वतःचा. १९६९ साली ती सुरू झाली तेव्हा तिचं नाव सेंटर फॉर रीजनल डेव्हलपमेंट स्टडीज असं होतं. स्मरणिकेसाठी संस्थेचा इतिहास लिहायचा म्हणजे स्थापना, इमारत, संचालकांची नामावळी, अहवालांची यादी अशा पायऱ्यांनी चढत जायचा रिवाज आहे. मी इथे एकच धागा धरून जाणार आहे. तो धागा दारूचा आहे.

हे केंद्र व्यसनांच्या अभ्यासासाठी काढलेलं नव्हतं. प्रदेशाचा विकास, जमीन, जात, मजुरी, स्थलांतर, आदिवासी समाज हे त्याचे विषय. पण दक्षिण गुजरातेत यांपैकी कोणत्याही दारातून आत शिरा, दारू समोर येऊन उभी राहतेच. जमीन कशी गेली असं विचारलं की पिठ्याची उधारी निघते. मजूर गरीब का असं मालकाला विचारलं की तो मजुराच्या बाटलीकडे बोट दाखवतो. आदिवासी समाज कधी आणि कसा उठून उभा राहिला असं विचारलं की उत्तर मिळतं, दारू सोडली तेव्हा. म्हणूनच या केंद्राच्या आश्रयानं झालेलं आणि जगभर वाचलं गेलेलं एक पुस्तक दारू सोडण्याबद्दलचं आहे.

संस्थापक आय. पी. देसाई. मुंबईत घुर्यांच्या हाताखाली समाजशास्त्र शिकलेल्या पहिल्या पिढ्यांपैकी ते एक. मराठी वाचकाला त्यांची ओळख पुण्याच्या वाटेनं करून देता येते. डेक्कन कॉलेजात असताना त्यांनी पुण्यातल्या हायस्कुलांमधल्या विद्यार्थ्यांची पाहणी केली आणि १९५३ साली ती पुस्तकरूपानं आली. पुढे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात त्यांनी बरीच वर्षं शिकवलं. सौराष्ट्रातल्या महुव्याच्या कुटुंबांवरचं त्यांचं पुस्तक १९६४ सालचं. एकत्र कुटुंब मोडलं की टिकलं यावर नुसता वाद घालण्याऐवजी, एका घरात किती चुली आहेत, जमिनीत वाटा कुणाचा, लग्नकार्यात कोण कुणाला विचारतं, असं मोजत जाणारा हा माणूस.

ते सुरतेला आले आणि केंद्र उभं राहिलं ते वर्षही योगायोगाचं. १९६९ सालीच दिल्लीत भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषद स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ आणि पहिले सदस्य-सचिव जे. पी. नाईक, दोघेही आपल्याकडचे. समाजविज्ञानाचं संशोधन दिल्ली-मुंबईच्या बाहेरही झालं पाहिजे आणि प्रांताप्रांतात त्याची घरं उभी राहिली पाहिजेत, या धोरणामागे नाईकांचा मोठा हात होता. सुरतेच्या केंद्राला परिषदेचं आणि गुजरात सरकारचं अनुदान मिळत गेलं, त्यामागे हा विचार होता. अनुदानावर संस्था चालवणं किती जिकिरीचं असतं हे ज्यांनी चालवली त्यांनाच ठाऊक. पगाराची तरतूद एका हातानं येते, प्रकल्पाचा पैसा दुसऱ्या हातानं, आणि प्रकल्प देणाऱ्या खात्याला उत्तर सहा महिन्यांत हवं असतं. दारूसारख्या विषयाला असं सहा महिन्यांचं उत्तर नसतं.

देसाईंनी सुरुवातीच्या वर्षांत ग्रामीण गुजरातेतल्या अस्पृश्यतेची पाहणी केली. १९७६ साली ती पुस्तकरूपानं प्रसिद्ध झाली. या पाहणीची पद्धत मला दारूच्या अभ्यासासाठीही फार मोलाची वाटते. 'तुमच्या गावात अस्पृश्यता पाळतात का?' असं विचारलं असतं तर कायद्याच्या धाकानं गावानं एका सुरात नाही म्हटलं असतं. देसाईंनी प्रश्न फोडला. पाणवठा कोणता, देवळात कुठपर्यंत जाता येतं, शाळेत मुलं कुठे बसतात, टपालवाला पत्र कसं देतो, न्हावी हजामत करतो का, दुकानदार पैसे हातात घेतो का. लाजेच्या आणि गुन्ह्याच्या गोष्टीबद्दल माणसाला थेट विचारलं की तो बंद होतो. रोजच्या व्यवहाराबद्दल विचारलं की बोलतो. पुढे कुणालाही या भागात दारूबद्दल विचारायचं असलं तर हाच रस्ता धरावा लागतो.

दारूचा विषय केंद्राच्या कामात ठसठशीतपणे आला तो वेडछीमुळे. वालोड तालुक्यातलं वेडछी म्हणजे जुगतराम दवे यांचा आश्रम. खादी, शाळा, सहकारी मंडळ्या, दारूमुक्ती असं अनेक पदरी काम तिथून चौधरी, गामीत, धोडिया समाजांत पसरलं. देसाई आणि बनवारीलाल चौधरी यांनी या चळवळीचा इतिहास लिहिला आणि तो १९७७ साली प्रसिद्ध झाला. त्यात गांधीवादी कार्यकर्त्यांच्या चिकाटीचं चित्र आहे आणि ते खरंही आहे. तरी एक प्रश्न मागे उरतो. आश्रमाचे पाय गावात रुजण्याच्या आधीच आदिवासींनी दारू सोडायला सुरुवात केली होती. ती कुणाच्या सांगण्यावरून?

त्या प्रश्नाला भिडले डेव्हिड हार्डिमन. जन्म १९४७ सालचा, रावळपिंडीतला, वाढले इंग्लंडात. खेडा जिल्ह्यातल्या पाटीदारांच्या राष्ट्रवादावरचं त्यांचं पुस्तक १९८१ साली आलं होतं. १९८० च्या दशकात काही वर्षं ते या केंद्रात संशोधक होते. सरकारी दफ्तरं आणि गुजराती कागदपत्रं त्यांनी वाचलीच, पण चौधरी, गामीतांच्या गावांत जाऊन म्हाताऱ्या माणसांशी बोलणं हे त्यांच्या कामाचं दुसरं अंग होतं. १९८४ आणि १९८५ साली 'सबाल्टर्न स्टडीज'च्या तिसऱ्या आणि चौथ्या खंडात त्यांचे दोन लेख आले. दुसऱ्याचा विषय, दक्षिण गुजरातेतलं पिणं रिवाजापासून गुन्ह्यापर्यंत कसं गेलं, हा. १९८७ साली 'द कमिंग ऑफ द देवी' हे पुस्तक आलं.

ती हकिगत थोडक्यात सांगण्यासारखी नाही, म्हणून जरा ऐसपैस सांगतो.

या भागातल्या आदिवासींना दारू आणि ताडी परकी नव्हती. शिंदीच्या झाडाचा रस उन्हाळ्यात, घरातलं धान्य सरत आलं की पोटाला आधार देई. मोहाच्या फुलांची दारू घरी गाळत. जन्म, लग्न, मरण, पेरणी, देवाचं काम, कुठलंही असो, आधी देवाला धार आणि मग माणसांना. पिणं सगळ्यांसमोर होई, वेळेला होई, आणि हंगामाच्या हिशेबात बसे.

१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानं हे चित्र पालटलं. घरी गाळणं गुन्हा झाला. सरकारी देखरेखीखालच्या भट्टीतला माल परवाना घेतलेल्या दुकानातूनच विकत घ्यायचा. ताडीच्या झाडावर कर बसला. १८९२ च्या मोहाच्या कायद्यानं तर फुलं साठवण्यावरही बंधनं आणली. रानात पडलेलं फूल वेचून घरी आणावं तर शिपाई दारात. दुकानांचे मक्ते या भागात मुख्यतः पारशी व्यापाऱ्यांकडे गेले. तेच उधार देत, तेच सावकारी करत, आणि उधारी फिटली नाही की जमीन त्यांच्याच नावावर चढे. यात एका समाजाच्या स्वभावाला बोल लावणं अन्यायाचं होईल. मक्त्याची रचना सरकारनं केली होती, आणि अबकारीचं उत्पन्न सरकारच्या तिजोरीत जात होतं. पुढे १९३९ साली मुंबई शहरात दारूबंदी आणणारे मंत्री डॉ. गिल्डर हेही पारशीच होते.

म्हणजे आदिवासी पीत आले होते ते आपल्या झाडाचं आणि आपल्या भट्टीचं. आता ते विकत घेऊ लागले, उधारीवर, दुसऱ्याच्या ओट्यावर. व्यसनाचा प्रश्न म्हणून आपण ज्याला ओळखतो त्याचा या भागातला जन्म मला इथे दिसतो. माणूस तोच, मोह तोच. पिण्याभोवतीचं नातं बदललं.

आणि मग १९२२ साल उजाडलं. पालघरच्या किनाऱ्यावर मांगेला कोळ्यांच्या वस्त्यांत देवी येऊ लागली. सुरुवात देवीच्या रोगाची शांत करण्यापासून झाली असावी असं हार्डिमन दाखवतात. तिथून ती गावोगाव डोंगराकडे सरकली, घाटावरच्या मुलखात सुरगाण्याकडे गेली, डांगात उतरली आणि पावसाळा सरल्यावर सुरत जिल्ह्यात पोचली. ठाणे, नाशिक, डांग, सुरत हा तिचा प्रवास आजच्या दोन राज्यांच्या हद्दीवरून झाला. म्हणून हा आपलाही इतिहास आहे. मराठीत त्याची जेवढी ओळख असायला हवी तेवढी नाही, याची मला खंत वाटते.

नोव्हेंबरात खानपूर गावी दोनेक हजार आदिवासी जमले. पानांचा मांडव, त्यात देवीचे भगत, त्यांच्या हातात लाल फडकी. अंगात आलं की ते त्या फडक्यावरून वाचत असल्यासारखे देवीचे हुकूम सांगत. दारू आणि ताडी सोडा. मांस-मासळी सोडा. रोज अंघोळ करा, स्वच्छ राहा. पारशी दुकानदारांशी व्यवहार ठेवू नका. या देवीचं नाव सलाबाई. हुकूम सांगून झाले की सगळ्यांची पंगत बसे आणि देवी पुढच्या गावी जाई.

आठवड्या-दोन आठवड्यांत गावंच्या गावं कोरडी झाली. पिठे ओस पडले. मजूर दारूवाल्याच्या शेतावर जाईनात. बडोदा संस्थानाच्या आणि इंग्रज मुलखाच्या अधिकाऱ्यांना आधी कौतुक वाटलं, मग अबकारीचा आकडा दिसला आणि कौतुक ओसरलं. डॉ. सुमंत मेहतांसारख्या माणसानं १९२३ साली 'युगधर्म' मासिकात या लोकांबद्दल आस्थेनं लिहिलं. जानेवारी १९२३ मध्ये शेखपूरला परिषद भरली, तिला वल्लभभाई पटेल आणि कस्तुरबा आले. गांधींचं नाव देवीच्या हुकमांत मिसळलं, खादीही आली. पण आरंभ आदिवासींनी स्वतः केला होता, बाहेरून कुणी येऊन त्यांना सुधारलं नव्हतं, हे हार्डिमन यांनी पुराव्यानिशी मांडलं. सुधारणेचं श्रेय सुधारकाला देण्याची आपली सवय जुनी आहे. केंद्राच्या एका पुस्तकानं आश्रमाची बाजू सांगितली आणि दहा वर्षांनी त्याच केंद्रातल्या संशोधकानं त्या बाजूच्या मागची बाजू सांगितली. संस्थेचं वय मोजायला मला हे माप आवडतं.

पुढे काय झालं तेही त्यांनी लपवलं नाही. काही महिन्यांत गावांत दोन तट पडले. देवीचे नियम पाळणारे 'वरजेला', म्हणजे ज्यांनी वर्ज्य केलं ते. आणि जसे जन्मलो तसेच राहू म्हणणारे 'सरजेला'. दोघांत रोटी तुटली, बेटीव्यवहार अडला. कित्येक जण पुन्हा प्यायला लागले, कित्येकांनी जन्मभर थेंब घेतला नाही. व्यसनमुक्तीच्या कामात असलेल्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात १९८६ पासून एकेका माणसाच्या बाबतीत जे घडताना दिसतं, सोडणं, पुन्हा घसरणं, पुन्हा उभं राहणं, ते इथे गावाच्या मापात घडलेलं दिसतं. मुक्तांगणाची भिस्तही अखेर एकमेकांना धरून राहणाऱ्या गटावर आहे. देवीच्या पंगतीत बसलेल्यांची भिस्तही तिथेच होती.

बाकीचा इतिहास भराभर सांगतो. घनश्याम शहा यांच्या संचालकपदाच्या काळात केंद्रानं चळवळी, आरक्षण, आदिवासींचं राजकारण यांवर भरीव काम केलं. १९९४ च्या प्लेगनंतर त्यांनी सुरतेच्या सार्वजनिक आरोग्यावर पुस्तक लिहिलं, ते १९९७ चं. स. प. पुणाळेकर यांनी मराठवाड्यातल्या नामांतराच्या दंगलींचा अभ्यास इथूनच केला, १९७९ साली तो छापला गेला. उकाई धरणानं उठवलेल्यांचा अभ्यास झाला, सरदार सरोवराच्या पुनर्वसनावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन दक्षिण गुजरातेतल्या मजुरांचा अभ्यास करत १९६० च्या दशकापासून येत राहिले. बारडोलीच्या साखर कारखान्यांकडे खानदेशातून येणाऱ्या कोयतेकऱ्यांवर त्यांनी लिहिलं. 'अर्थात्' हे गुजराती त्रैमासिक निघालं; संशोधन इंग्रजीत कोंडून राहू नये म्हणून ते फार गरजेचं होतं.

या सगळ्या कामात पाहणीला जाणारा माणूस हा संस्थेचा खरा कणा. त्याचं नाव अहवालाच्या मुखपृष्ठावर नसतं. चौधरी, गामीत, कुकणा अशा बोलींच्या गावांत त्याला शिरावं लागतं. कुकणा तर मराठीला इतकी जवळची की नाशिक-धुळ्याकडचा माणूस अर्ध्या दिवसात बोलता होतो. आणि त्यानं दारूबद्दल विचारायचं तर त्याच्या डोक्यावर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा टांगलेला असतो.

हा कायदा जुन्या मुंबई राज्याचा. १९५० साली संपूर्ण राज्यात दारूबंदी आली. १९५१ च्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं काही कलमं रद्द केली, पण बंदीचा गाभा उचलून धरला. १ मे १९६० ला राज्यं वेगळी झाली. महाराष्ट्रानं परवान्यांची वाट मोकळी केली, गुजरातनं बंदी कायम ठेवली. एकाच कायद्याची ही दोन लेकरं. सुरत-भुसावळ मार्गावर नवापूरचं स्टेशन पाहावं. फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात, दुसरा गुजरातेत. बाकाच्या एका टोकाला बसलेल्या माणसाचं पिणं परवान्याचा विषय असतं, दुसऱ्या टोकाला बसलेल्याचं फौजदारीचा.

अशा राज्यात 'तुम्ही पिता का?' हा प्रश्न म्हणजे गुन्ह्याची कबुली मागणं. खोटं उत्तर देणारा माणूस अप्रामाणिक नसतो, तो शहाणा असतो. संशोधकाच्या टाचणवहीतलं नाव कुणाच्या हाती पडेल हे त्याला माहीत नसतं, आणि खरं सांगायचं तर संशोधकालाही नसतं. म्हणून नाव न लिहिणं, गाव बदलून लिहिणं, वही कुलपात ठेवणं हा या विषयात रीतीचा भाग राहत नाही, तो जबाबदारीचा मुख्य भाग होतो. २००९ साली अहमदाबादेत विषारी दारूनं शंभराहून अधिक माणसं गेली. त्यानंतर जीवघेणी दारू बनवणाऱ्याला फाशीपर्यंतच्या शिक्षेची तरतूद झाली. मेलेले मजूर कुठून घेत होते, रोज किती घेत होते, कितीला घेत होते, हे त्यांच्या मरणानंतर पंचनाम्यात आलं. आधी कुणी विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं.

याच अडचणीवर देशपातळीवर काय तोड काढली गेली तेही इथे नोंदवायला हवं. दिल्लीच्या एम्सचं राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्र १९८८ साली सुरू झालं, २००३ पासून ते गाझियाबादला स्वतःच्या इमारतीत आहे. त्यानं केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. १८६ जिल्ह्यांतली २ लाखांवर घरं, ४ लाख ७३ हजारांवर माणसं. १० ते ७५ वयाच्या लोकांत १४.६ टक्के दारू पितात, म्हणजे सुमारे १६ कोटी. दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ माणसांत एकालाच कसलीतरी मदत मिळते. पण अफू-हेरॉइनसारख्या बेकायदा द्रव्यांसाठी घरोघर फिरणं पुरणार नाही हे त्यांनी ओळखलं होतं. त्यासाठी वेगळी रीत वापरली, एका वापरणाऱ्यानं ओळखीचा दुसरा आणायचा, त्यानं तिसरा. विश्वास माणसाकडून माणसाकडे जातो, प्रश्नावली त्याच्या मागून जाते. गुजरातेत माझ्या मते दारूचीही मोजणी याच रीतीनं व्हायला हवी. तिथे दारू कायद्याच्या नजरेत हेरॉइनच्याच बाजूला उभी आहे.

सुरतेसारख्या शहरात हे काम अजून अवघड आणि अजून निकडीचं आहे. यंत्रमागावर बारा-बारा तासांची पाळी, गंजामहून आलेले ओडिया विणकर, जळगाव-धुळे-नंदुरबारहून आलेली आपली माणसं, लिंबायत-उधन्याच्या खोल्या, हिऱ्याच्या घंटीवर वाकलेल्या माना. एका खोलीत पाळीपाळीनं झोपणाऱ्या माणसांकडे विचारायला घर नावाची गोष्टच नसते. बायको-मुलं गावी. ज्याच्या पिण्यावर कुणाची नजर नाही आणि ज्याच्या आजारपणाकडेही कुणाची नजर नाही, असा तरुण इथे हजारांनी आहे. विद्यापीठाच्या आवारातल्या केंद्रापासून ही वस्ती काही मैलांवर आहे. समाजशास्त्राचा अभ्यासक, मनोविकाराचा डॉक्टर आणि मराठी-ओडिया बोलणारा कार्यकर्ता अशी तिघांची जोड बसली तर हे काम होईल. एकट्या कुणाचं ते नाही.

हार्डिमन यांनी गावांत बसून ज्यांच्याशी संवाद केला, ती माणसं १९२२ साली दहा-पंधरा वर्षांची पोरं होती. आईबापांच्या पाठीला चिकटून मांडवात बसलेली. १९८० च्या सुमारास ती सत्तरीच्या आसपास होती. आणखी दहा वर्षं उशीर झाला असता तर देवीचा मांडव पाहिलेले बहुतेक डोळे मिटलेले असते आणि दफ्तरात अबकारीचे आकडे तेवढे शिल्लक राहिले असते. १९५० साली दारूबंदी आली, तेव्हा ज्यांच्या बापांनी झाडावरची मडकी उतरवली, ती मुलं आज ऐंशी-नव्वदीत आहेत. वालोड, व्यारा, मांडवी, महुव्याच्या गावांत त्यांतली काही अजून ओसरीवर बसलेली सापडतात. त्यांना बोलीत विचारणारा आणि नाव न लिहिता ऐकून घेणारा माणूस या वर्षीच पाठवायला हवा.